उचलतो एक, धरतो दुसरा



बऱ्याच दिवसांत इकडे काही लिहिले नाही. आधी डोळ्याचे ऑपरेशन झाले, मग पाहुणे आले, मग आळस आला. त्यातला आळस अजून मुक्कामाला आहे. पण दिवाळीनंतर घडलेली एक गोष्ट डोक्यातून जात नाही, तेव्हा म्हटले लिहूनच टाकावी. विषय वाचून हसू नका. व्हील अलाइनमेंट करताना मोटार ज्या लिफ्टवर चढवतात, त्या लिफ्टच्या देखभालीविषयी लिहिणार आहे. जन्मभर मराठी आणि इतिहास शिकवलेल्या बाईला हे कुठून सुचले, ते पुढे कळेलच.

झाले असे, की माझ्या भाच्याची गाडी सरळ रस्त्यावरही डावीकडे ओढायला लागली. स्टिअरिंग जरा सैल धरले की गाडी निघाली गटाराकडे. पुढच्या टायरची एक कड गुळगुळीत झालेली. कराडजवळ हायवेला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे अलाइनमेंटचे दुकान आहे, तिकडे गेलो. "बाई, तुम्ही कशाला आलात, मी माणूस पाठवला असता की," असे म्हणत त्याने प्लास्टिकची खुर्ची पुसून दिली, चहा सांगितला. आमच्या आधी दोन गाड्या होत्या. त्यामुळे तासभर बसून पाहण्याखेरीज मला काम नव्हते.

भाच्याने विचारले, "आत्या, चाकं वाकडी झाली म्हणजे नेमकं काय होतं गं?"

आता मी शिक्षिका. माहीत नाही म्हणायची सवय नाही :-) त्याला मी बैलगाडीपासून सांगायला सुरुवात केली.

बैलगाडीला दोन चाके आणि एक आख. वळायचे काम बैलांचे. चाकांनी फक्त मागे यायचे. चार चाकांची घोडागाडी आली तेव्हा पुढचा अख्खा आख मधल्या खिळ्याभोवती फिरवत. त्यात अडचण अशी, की जोरात वळण घेतले की पुढची दोन्ही चाके गाडीखाली जात आणि गाडी कलंडे. म्युनिकचा गाडीकारागीर गेओर्ग लांकेनश्परगर याने १८१७ च्या सुमारास यावर तोड काढली. आख जागेवर ठेवायचा आणि टोकाला प्रत्येक चाक आपापल्या खुंटीवर वळवायचे. वळणाच्या आतले चाक जास्त वळते, बाहेरचे कमी, कारण आतल्याला लहान वर्तुळात फिरायचे असते. लंडनमध्ये १८१८ मध्ये याचे पेटंट घेतले रुडॉल्फ आकरमन याने. हा मूळचा गाड्यांचे नमुने काढणारा, पुढे चित्रांचा नामांकित प्रकाशक झाला. शोध एकाचा आणि नाव दुसऱ्याचे, हे इतिहासात नेहमीचेच. आजही मोटारीच्या त्या रचनेला आकरमनचेच नाव आहे.

पण या सोयीबरोबर एक दुखणेही आले. एका आखाला जखडलेली दोन चाके आपोआप एका दिशेला तोंड करून असत. प्रत्येक चाक स्वतंत्र झाले म्हटल्यावर प्रत्येकाला स्वतंत्रपणे बिघडायचीही मुभा मिळाली. एखादे पाऊल आत वळवून चालते, एखादे बाहेर फाकवून, याला टो म्हणतात. चाक उभे न राहता वरच्या बाजूने आत किंवा बाहेर झुकते, तो कॅम्बर. आणि ज्या खुंटीभोवती चाक वळते तीच पुढेमागे कललेली असते, तो कॅस्टर. हे कोन कंपनीने ठरवून दिलेले असतात. खड्ड्यांतून आपटत गेले की ते हलतात. मग गाडी ओढते आणि टायर घासतात.

पूर्वी हे कोन दोरी, खडू आणि मोजपट्टी घेऊन तपासत. मग दांड्यांची मापे आली, मग प्रकाशाचे किरण, आणि १९९० च्या दशकात कॅमेरे आले. चाकांना तबकड्या लावायच्या, समोरून कॅमेरा त्या पाहतो आणि पडद्यावर अंशाच्या शंभराव्या भागापर्यंत आकडे दाखवतो. आमच्यासमोर तेच चालले होते.

माझ्या विद्यार्थ्याने मात्र एक गोष्ट सांगितली ती फार पटली. तो म्हणाला, "बाई, लोक कॅमेरा बघतात. पण गाडी उभी आहे ती लिफ्टच तिरकी असली, तर कॅमेरा काय करणार?"

खरेच आहे. गवंडी भिंत बांधताना ओळंबा लावतो, पाणसळ धरतो. ती पाणसळच चुकली तर भिंत कितीही मन लावून बांधा. अलाइनमेंटच्या लिफ्टचे चारही कोपरे एका पातळीत लागतात, फार तर एखाद-दोन मिलिमीटर इकडे तिकडे. मी तिथेच कागदावर हिशेब केला. चाकांमधले अंतर दीड मीटर धरले आणि लिफ्टची एक बाजू तीन मिलिमीटरने खाली असली, तर सुमारे ०.११ अंशाचा फरक पडतो. शंभरावा भाग मोजणाऱ्या यंत्रासमोर ही अकरा घरांची चूक झाली. म्हणून ही लिफ्ट नुसती उचलणारी नाही, ती मापाची जमीनही आहे.

एवढ्यात आधीची गाडी वर गेली आणि एक विशीतला मुलगा वाकून तिच्याखाली शिरला. माझ्या पोटात गोळा आला. तो का आला, हे आमच्या घरातल्यांना ठाऊक आहे, बाकीच्यांना सांगते.

माझे वडील एसटीत फिटर होते. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) गेली, आणि वडील त्यानंतर दोनच वर्षांनी नोकरीला लागले. त्यांच्या डेपोत गाडीखालची कामे पिटमध्ये होत. पिट म्हणजे जमिनीत बांधून काढलेला लांबट खड्डा. गाडी वरून आणून उभी करायची आणि माणसाने पायऱ्या उतरून खाली जायचे. गाडी जमिनीवरच उभी असते, त्यामुळे ती अंगावर येण्याचा प्रश्न नसतो. पण खड्ड्यात पाणी साचते, तेल सांडते, पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड म्हणून खालीच बसून राहते. आणि चाक काढायचे असेल तर जॅक लागतोच.

जॅक लावला की त्याच्या शेजारी लाकडाचा जाड ठोकळा सरकवायचा आणि गाडी त्यावर टेकवायची, असा वडिलांचा नियम होता. ते म्हणायचे, "उचलतो एक, धरतो दुसरा." आम्हा पोरांना ते वाक्य पाढ्यासारखे पाठ होते. अर्थ कळत नव्हता.

अर्थ कळला १९६३ साली. मी तेव्हा सातवीत होते. वडिलांचा धाकटा भाऊ, आमचा काका, एका खासगी गॅरेजमध्ये हेल्पर होता. एका दुपारी ट्रकच्या मागच्या पाट्यांचे काम चालले होते. जॅक लावलेला होता, ठोकळा नव्हता. ठोकळा आणायला कोपऱ्यापर्यंत जावे लागले असते एवढेच कारण. जॅक जुना होता, त्यातून तेल झिरपत होते, हे सगळ्यांना माहीत होते. काकाचा डावा पाय गुडघ्याखाली गेला.

काका पुढे चाळीस वर्षे जगला, कुबडी घेऊन. पानपट्टी चालवली, पोरांना शिकवले. त्या दिवसाविषयी फारसे बोलत नसे. मला एकदाच म्हणाला, "गाडी पडली नाही गं. बसली. मला वाटत होतं माझ्याच डोळ्यांना भास होतोय. पडली असती तर मी पळालो असतो."

जॅक असा हळूहळू का बसतो, हे मला पुष्कळ वर्षांनी, शिक्षिका झाल्यावर समजले. विज्ञानाचे सर रजेवर गेले की त्यांचा तास माझ्याकडे येई, आणि एकदा नेमका पास्कलचा नियम वाट्याला आला.

ब्लेझ पास्कल हा फ्रान्सचा गणिती, जन्म १६२३, मृत्यू १६६२, उणेपुरे ३९ वर्षांचे आयुष्य. द्रवांच्या समतोलावरचा त्याचा प्रबंध त्याच्या मृत्यूनंतर १६६३ मध्ये छापला गेला. बंद भांड्यातल्या द्रवावर एका जागी दाब दिला तर तो सगळीकडे सारखाच पोचतो, हे त्यात आहे. समजा एक दट्ट्या एक चौरस सेंटिमीटरचा आणि दुसरा शंभर चौरस सेंटिमीटरचा आहे. लहान दट्ट्यावर एक किलोचा भार दिला तर मोठा दट्ट्या शंभर किलो उचलतो. मात्र फुकट काही मिळत नाही. मोठा एक सेंटिमीटर वर यायचा तर लहान शंभर सेंटिमीटर खाली ढकलावा लागतो. लहान दट्ट्यावरचा एक माणूस मोठ्या दट्ट्यावरच्या शंभर माणसांच्या तोडीचा होतो, हे पास्कलने स्वतःच लिहून ठेवले आहे.

एवढे कळूनही असे यंत्र बाजारात यायला पुढची सव्वाशेहून अधिक वर्षे गेली. कारण अगदी घरगुती आहे. गळती! दाब वाढला की दट्ट्याच्या कडेने पाणी पिचकारीसारखे बाहेर येई. दट्ट्या घट्ट बसवला तर हलत नसे, सैल बसवला तर गळत असे.

हे कोडे सुटले इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामाच्या कारखान्यात. हा यॉर्कशरच्या शेतकऱ्याचा मुलगा. ऐन सोळाव्या वर्षी पायाला दुखापत झाली, शेतीकाम जमेना, म्हणून सुतारकाम शिकला. (हे वाचताना मला काका आठवला, सांगायला नकोच.) पुढे तो कुलपे करू लागला. १७९० मध्ये त्याने दुकानाच्या खिडकीत एक कुलूप टांगले आणि किल्लीवाचून ते उघडणाऱ्याला २०० गिनी बक्षीस लावले. ते उघडायला १८५१ साल उजाडले. अमेरिकेच्या हॉब्ज नावाच्या कुलूपवाल्याला १६ दिवसांत मिळून ५० हून अधिक तास खर्ची घालावे लागले. ब्रामा तोवर हयात नव्हता.

याच ब्रामाने १७९५ मध्ये पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. गळती थांबवणारा चामड्याचा वाटीसारखा वॉशर त्याच्याकडे कामाला असलेल्या हेन्री मॉडस्लीच्या डोक्यातून निघाला, असे सहसा सांगितले जाते. त्यातली युक्ती अशी, की दाब जितका वाढेल तितकी वाटीची कड बाहेर फाकते आणि भिंतीला जास्तच चिकटते. पाण्याच्याच जोराने पाणी अडवायचे. मॉडस्लीने आठवड्याच्या ३० शिलिंगांवर पगारवाढ मागितली, ब्रामाने नाही म्हटले, आणि १७९७ मध्ये हा हिरा दुकान सोडून गेला. पुढे तो स्वतःच मोठा यंत्रकार झाला. मालकांनी हा प्रसंग फ्रेम करून भिंतीवर लावावा.

माझ्या वयाच्या वाचकांना हा वॉशर परका नाही. आपल्या घरच्या पंपाच्या स्टोव्हमध्ये तसलाच चामड्याचा वॉशर असायचा. तो वाळला की पंप पोकळ चाले, स्टोव्ह फुरफुरत नसे. मग आई दांडी बाहेर काढून त्याला खोबरेल तेलाचे बोट लावायची, कड बोटांनी जरा फाकवायची, की लागला स्टोव्ह. आमच्या घरात तेवढ्या देखभालीवर एकेक वॉशर वर्षानुवर्षे चालला. काकाच्या जॅकमधल्या वॉशरला मात्र कुणी विचारले नाही. वॉशर थकला की तेल कडेने निसटते, आणि निसटते ते हळूहळू. म्हणून गाडी पडत नाही, बसते.

तर हा झाला उचलणारा. आता धरणारा.

धरणाऱ्याचा इतिहास पाहायला न्यूयॉर्कला जावे लागते. त्या काळी कारखान्यांत माल वरच्या मजल्यावर नेणारे पाळणे दोरावर चालत, आणि दोर तुटला की खेळ खलास. एलिशा ओटिस हा पलंगांच्या कारखान्यातला मेकॅनिक. त्याने १८५२ मध्ये पाळण्याच्या माथ्यावर गाडीच्या पाट्यासारखी स्प्रिंग बसवली. दोर ताणलेला असेपर्यंत स्प्रिंग वाकलेली राही. दोर तुटला की ती ताठ होऊन दोन्ही बाजूंच्या खांबांवरच्या दातांत अडके. १८५४ मध्ये न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेस प्रदर्शनात तो स्वतः पाळण्यावर उंच उभा राहिला आणि सर्वांदेखत दोर तोडायला लावला. पाळणा थोडासा खचला आणि थांबला. तीन वर्षांनी, १८५७ मध्ये, न्यूयॉर्कमधल्या एका पाच मजली दुकानात ओटिसची माणसे नेणारी लिफ्ट सुरू झाली.

मला यात गंमत वाटते ती ही. ओटिसने जास्त मजबूत दोर शोधला नाही. दोर कधीतरी तुटणारच, असे गृहीत धरून त्याने तयारी केली. माझ्या वडिलांनी ओटिसचे नाव कधी ऐकले नसावे, पण ठोकळ्यामागचा विचार हाच होता.

मोटार उचलणारी लिफ्ट त्या मानाने अलीकडची. अमेरिकेत मेम्फिसच्या पीटर लुनाटीने १९२५ च्या सुमारास ती आणली. न्हाव्याची खुर्ची वरखाली होताना पाहून त्याला ती सुचली, असे सांगतात. जमिनीतून वर येणारा एकच चकचकीत खांब आणि त्यावर गाडी. शिवाय ती गोल फिरवताही येई, म्हणून नाव रोटरी. आपल्याकडे पेट्रोल पंपाशेजारच्या सर्व्हिसिंग सेंटरवर असा एक खांब आणि त्यावर टांगल्यासारखी अँबॅसडर किंवा फियाट अनेकांनी पाहिली असेल. लहानपणी आम्हाला ती जत्रेतल्या पाळण्यासारखी वाटायची.

माझ्या विद्यार्थ्याकडची लिफ्ट चारखांबी. दोन लांब पट्ट्यांवर गाडी चढते. एका पट्टीच्या पोटात तेलावर चालणारा सिलिंडर असतो. तो चार पोलादी दोर ओढतो, दोर पुल्यांवरून चार खांबांकडे जातात आणि चारही कोपरे एकदम वर येतात. म्हणजे उचलणारा ब्रामा. आणि प्रत्येक खांबात शिडीसारखी खाचांची पट्टी असते. लिफ्ट वर जाताना कोपऱ्यातला खटका एकेका खाचेवरून टक्कन सरकतो. हवी ती उंची आली की लिफ्ट जराशी खाली सोडतात, म्हणजे चारही खटके खाचांत बसतात आणि भार दोरावरून उतरून खटक्यांवर येतो. म्हणजे धरणारा ओटिस. एका सांगाड्यात दोघेही नांदतात. अलाइनमेंटसाठी तर खटक्यांवर टेकवणे भागच असते, कारण दोर थोडे ताणले जातात, पातळी बदलते. सुरक्षितपणा आणि मापातला खरेपणा, दोन्ही त्या चार खटक्यांवर.

देखभाल काय करायची, तेही त्याने मला सांगितले. रोज सकाळी रिकामी लिफ्ट एकदा वरखाली करून आवाज ऐकायचा, खालची जमीन पाहायची, तेलाचा थेंब दिसतो का. पुढची चाके ज्या फिरत्या तबकड्यांवर येतात त्या पुसायच्या, कारण वाळूचा कण अडकला तरी चाक मोकळे वळत नाही आणि आकडे खोटे येतात. आठवड्याला दोर पाहायचे. तुटलेली तार आहे का, गंज आहे का, पुलीपाशी दोर चेपला आहे का. हात मोकळा फिरवायचा नाही, चिंधी धरून फिरवायचा. तुटलेली तार चिंधीत अडकते, नाहीतर तळव्यात शिरते. महिन्याला खांबांचे जमिनीतले बोल्ट घट्ट आहेत का, खटक्यांच्या स्प्रिंगा जोर धरतात का, तेलाची पातळी किती, हे पाहायचे. तेल लिफ्ट पूर्ण खाली असतानाच मोजायचे, नाहीतर निम्मे तेल सिलिंडरमध्ये असते आणि माणूस उगाच भर घालत बसतो. आणि अधूनमधून, शिवाय लिफ्ट हलवली की हमखास, चारही कोपऱ्यांची पातळी तपासून खांबाच्या माथ्यावरच्या नटांनी सारखी करायची.

कायद्यानेही हे जुन्या काळीच ओळखले होते. १९४८ च्या कारखाना कायद्यात कलम २९ होते. उचलण्याची यंत्रे, साखळ्या, दोर यांची जाणकार माणसाकडून वर्षातून एकदा तरी कसून तपासणी व्हावी, आणि तिची नोंद राहावी, असे त्यात होते. एसटीची पहिली गाडी धावली तेच हे वर्ष. पण यंत्रशक्ती वापरणाऱ्या जागी दहा तरी कामगार असले, तरच तो कायदा सहसा लागू होई. काकाच्या गॅरेजमध्ये मालक धरून पाच माणसे होती.

"मग तू नोंद ठेवतोस का?" मी विचारले.

"ठेवतो की," म्हणत त्याने अभिमानाने वही पुढे केली. तारखांचे रकाने, समोर दोर, खटके, तेल, बोल्ट, तबकड्या, आणि सगळीकडे टिका. मी पाने उलटली. शिक्षकाच्या डोळ्याला कोणती वही एका बैठकीत लिहिली आहे ते लगेच कळते. सगळ्या टिका एकाच निळ्या पेनाच्या, एकाच तिरक्या वळणाच्या, महिनाभर एकसारख्या.

"अरे, पाडव्याला गॅरेज उघडं होतं?"

"नाही बाई, तीन दिवस बंद होतं."

"मग पाडव्याला ही टिक कुणी केली?"

त्याने जीभ चावली. चाळिशी उलटलेला, दोन पोरांचा बाप, पण एकदम सातवीतल्यासारखा उभा राहिला. मला त्याला रागवायचे होते. तोंडाशी आलेलेही होते. पण खरे सांगायचे तर मला माझीच टाचणवही आठवली. रोजच्या पाठाचे टाचण रोज काढायचा नियम होता. तपासणीला साहेब येणार म्हटले की महिन्याभराची टाचणे आम्ही एका रविवारी काढत असू. मीही. चांगल्या अक्षरात. त्यामुळे कुणाचा पाय गेला नाही हे खरे, पण एखाद्या मुलाचे काय गेले असेल, ते मला कधी कळणारही नाही.

तेव्हा रागवण्याऐवजी मी म्हटले, "चल, आजची टिक माझ्यासमोर कर."

वर असलेली गाडी उतरवून झाली होती. त्याने रिकामी लिफ्ट वर घ्यायला लावली. मला त्यातले काय कळणार, म्हणून मी नुसती ऐकत होते. वर्गात हजेरी घेताना मान खाली असते, आवाज कानानेच मोजायचे असतात. टक, टक, टक. पुढची खाच. टक, टक, टक. मी म्हटले, "अरे, खांब चार आहेत ना? हजेरी तिघांचीच लागतेय."

त्याने हात वर केला, मोटार बंद झाली. मागच्या उजव्या खांबापाशी तो गेला, बॅटरी मारून बराच वेळ पाहत राहिला. वाळलेले ग्रीस आणि रस्त्याची धूळ यांचा गोळा खटक्याच्या बिजागरीत बसला होता आणि स्प्रिंग मलूल झाली होती. खटका मागेच अडकून राहिलेला. तो कधीपासून असा होता, हे सांगायला एकच साक्षीदार होता, ती वही. आणि वहीत महिनाभर "खटके" या रकान्यात टिका होत्या.

मघाशी गाडीखाली वाकून शिरलेला मुलगा शेजारीच उभा होता. कुणी काही बोलले नाही.

त्या दिवशी भाच्याच्या गाडीचे काम झाले नाही. मागे रांगेतल्या दोन गाड्याही परत पाठवल्या, नुकसान सोसून. बिजागरी साफ करून, नवी स्प्रिंग घालून, चारही कोपरे पुन्हा पातळीत आणून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने बोलावले. गाडी आता सरळ चालते. भाचा अजूनही ती वेगाने चालवतो, त्याला अलाइनमेंटचा इलाज नाही. (वाचतोयस ना रे?)

घरी येताना त्याला मी काकाची गोष्ट पहिल्यांदा नीट सांगितली. त्याच्या आजोबांच्या या भावाला त्याने लहानपणी कुबडीसह पाहिले होते, पण पाय कसा गेला ते त्याला ठाऊक नव्हते. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आत्या, ठोकळा किती लांब होता गं?"

कोपऱ्यापर्यंत. वीस-पंचवीस पावले असतील.

पास्कल, ब्रामा, ओटिस यांनी आपापले काम चोख करून ठेवले. त्यांच्यानंतर उरते ते ही वीस-पंचवीस पावले रोज चालण्याचे काम. ते कुणाच्या नावावर लागत नाही, त्याला पेटंट नाही. आणि ते केले की काहीच घडत नाही, म्हणून ते केले नाही तरी चालेल असे वाटू लागते.

गेल्या आठवड्यात पुन्हा त्या बाजूला जाणे झाले, तेव्हा दुकानात डोकावले. वही आता त्या मुलाच्या हाती दिली आहे, कारण लिफ्टखाली तोच जातो. मी न विचारताच त्याने ती दाखवली. अक्षर वाईट आहे, पेन दोन-तीन वेगवेगळे आहेत, एका पानावर चहाचा डाग आहे. आणि दोराच्या रकान्यात एका शनिवारी फुली आहे, पुढे लिहिले आहे, "पुढचा डावा, एक तार तुटली, सेठना सांगितले, लिफ्ट बंद." दोन दिवसांनी, "नवीन दोर घातला."

त्या फुलीवर मला शेरा द्यावासा वाटला, पण लाल पेन जवळ नव्हते.

असो. तुमच्याकडेही गॅरेजच्या, पिटच्या, स्टोव्हच्या वॉशरच्या आठवणी असतील तर जरूर लिहा. आणि गाडी सर्व्हिसिंगला न्याल तेव्हा खुर्चीवर बसून मोबाइल बघण्यापेक्षा जरा लिफ्टचे आवाज ऐका. खांब चार असतील तर हजेरीही चौघांची लागली पाहिजे.